जलाल मिस्त्रीचे ठिपके

इंजिनाच्या सिलिंडरात बसणारा नवा लायनर हातात आला की जलाल मिस्त्री तो दोन बोटांवर टांगायचा आणि पान्यानं त्याला हलकी टिचकी द्यायचा. टण्णऽऽ. दुकानात बोलणारी माणसं गप्प व्हायची. आवाज विरेपर्यंत मिस्त्री डोळे मिटून उभा. मग मान उभी हलली तर लायनर गिऱ्हाइकाच्या हातात जायचा, आडवी हलली तर परत काउंटरवर.

"हा नाई. याच्या पोटात तडा हाये."

"चाचा, आत्ताच तुमच्यासमोर खोक्यातून काढला ना!" काउंटरमागचा इम्तियाज कळवळून म्हणायचा.

"मंग? तू बी दिवसभर खोक्यातच बसते. तुह्या पोटात का हाये ते मले का माहीत?"

दुकान हसायचं, इम्तियाजही हसायचा आणि दुसरा लायनर काढायचा. यवतमाळातल्या त्या पार्टच्या दुकानात त्याचे वडील बसायचे तेव्हापासून जलाल मिस्त्री येत होता. आर्णीहून सकाळची एसटी, हातात कापडी पिशवी, पिशवीत गिऱ्हाइकाच्या इंजिनातले जुने पार्ट, आणि मागं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला बरोबर आणल्याशिवाय तो एक वायसरसुद्धा घ्यायचा नाही. पिस्टनची पिन तेल लावून बुशात सोडायची आणि ती कशी उतरते ते दाखवायचं. "धपकन पडली तं ढिली, अडून बसली तं टाइट. उतरली पाह्यजे. नवी सून जिन्यावरून उतरते तशी."

अठ्ठावन्न वर्षांचा, काटकुळा माणूस. दाढीचा रंग मेंदीचा आणि नखांचा रंग ग्रीसचा. आर्णी-महागाव रस्त्यावर त्याची टिनाची शेड होती. तिच्यावर पाटी नव्हती, पण त्याची सही अर्ध्या जिल्ह्यात फिरत होती, आणि ती इंजिनाच्या पोटात होती.

ही सही म्हणजे ठिपके. क्रँकशाफ्ट हा इंजिनाचा कणा. धावून धावून तो झिजतो. मग लेथवर तो थोडा तासून पुन्हा गोल करतात, आणि जेवढा तासला तेवढं जाड बेरिंग निवडून त्यावर बसवतात. पहिल्यांदा तासला तर दहाचं, दुसऱ्यांदा विसाचं, तिसऱ्यांदा तिसाचं. त्यापुढं शाफ्ट भंगारात. जलाल मिस्त्री स्वतः लेथपाशी उभा राहून शाफ्ट तासून घ्यायचा आणि दर वेळी त्याच्या बाजूला पंचनं एक ठिपका मारायचा. एक ठिपका दहा, दोन ठिपके वीस. त्याच्या ठिपक्यांखालचं काम चुकीचं निघालंय असं कोणी म्हटलेलं नव्हतं. भंगारवालेसुद्धा असा शाफ्ट हाती लागला की वेगळा काढून ठेवायचे. "जलालचा माल हाये, घ्या डोळे झाकून."

त्या वर्षांत भंगारवाल्यांकडे शाफ्ट मुबलक होते. कापसाचा भाव पडला की आधी जीपवाल्याची सीट रिकामी होते. माणसं लग्नाला जात नाहीत, बाजाराला पायी जातात. खेड्याखेड्यातल्या जीपा एकेक करून उभ्या राहिल्या आणि नंतर तुकड्या-तुकड्यांनी यवतमाळच्या भंगारात आल्या. ज्यांच्या चालू होत्या, ते त्याच तुकड्यांवर आपली गाडी पुढं रेटत होते.

खेमसिंग त्यांतला एक. महागावच्या रस्त्यावरच्या एका तांड्यावरचा. आसपासच्या चार तांड्यांत मिळून त्याची एकच जीप उरली होती. दोन हजार सहाच्या श्रावणात तिचं इंजिन खोललं तेव्हा शाफ्ट भंगारात टाकण्याइतका झिजलेला निघाला. नवा नागपूरहून यायला पंधरा-वीस दिवस लागणार होते. खेमसिंगला थांबायचं नव्हतं. पोळा तोंडावर आला होता, चार दिवस तरी सवारी मिळाली असती. मग भंगारातून एक शाफ्ट मिळाला. पोत्यात गुंडाळून, खांद्यावर टाकून खेमसिंगनं तो इम्तियाजच्या दुकानात आणला आणि धप्पकन काउंटरवर ठेवला.

मिस्त्रीनं पोतं बाजूला केलं, चिंधीनं काळं तेल पुसलं आणि चेहराभर हसला. बाजूला दोन ठिपके होते. थोडे तिरके, एकमेकांना टेकलेले. त्याचेच.

"अरे, हा तं घरचा निघाला! चार वर्षं झाले याले तासून. आर्णीच्याच गाडीत होता." त्यानं शाफ्टच्या एका पिनवरून, म्हणजे बेरिंग बसतं त्या गोल भागावरून, अंगठा फिरवला, मग दुसऱ्या. "काच हाये काच. इम्तियाज, विसाचे बेरिंग काढ."

इम्तियाजनं खोकं काढलं, पण पुढं केलं नाही. "चाचा, नाप लेके देखू क्या? मायक्रोमीटर यहीं है."

मिस्त्रीनं ठिपक्यांवर बोट ठेवलं. "ये किसके हैं?"

"आपके."

"फिर?"

"फिर भी चाचा, चार साल चला है..."

खेमसिंगला उशीर होत होता. तो मध्येच म्हणाला, "ओ भाऊ, तू पार्ट इकाचं काम कर ना! मिस्त्रीले का शिकवते? तू जन्माचा नोता तवापासून हा मानूस इंजिन खोलून राह्यला."

इम्तियाज लाजला. खोकं पुढं आलं. मिस्त्रीनं एकेक बेरिंग उजेडात धरून पाहिलं, कडेवर नख फिरवलं, एकावर ओरखडा होता तो बदलून घेतला. निवडण्यात कसलीच कसर ठेवली नाही. फक्त शाफ्ट मोजला नाही.

आठ दिवसांनी जीप शेडमधून बाहेर पडली तेव्हा खेमसिंग म्हणाला, "आवाज आयका मिस्त्री, मांजर घुरघुर करते तसा!"

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात तीच जीप ट्रॅक्टरला दोर बांधून परत आली.

खेमसिंग ट्रॅक्टरवरून उतरला तो शेडच्या दारातच उभा राहिला. डोक्याचे केस उतरवलेले होते. मिस्त्रीला वाटलं आई गेली असेल. म्हातारी आजारीच होती.

"धावजी गेला," खेमसिंग म्हणाला.

धावजी त्याचा धाकटा भाऊ, तिशीचा. दोन-तीनदा जीप घेऊन शेडवर आलेला. आल्या आल्या हुस्नाबीला आवाज द्यायचा, "भाभी, चहा ठेवा, मिस्त्री कंजूस हाये." मिस्त्रीच्या बायकोला भाभी म्हणणारा गिऱ्हाइकांत तो एकटाच होता.

खेमसिंग उभ्यानंच सांगत होता. आवाजात चढ-उतार नव्हता. हेच त्यानं बऱ्याच जणांना सांगितलं असावं.

"कापसाच्या पऱ्हाटीवर औषधाची फवारनी करून राह्यला होता. दुपारी घरी आला अन् म्हने, भिया, डोळ्यासमोर अंधारी येऊन राह्यली. मंग उलट्या. मंग तोंडातून फेस. म्या गाडी काढली, यवतमाळच्या दवाखान्यात न्याले. मांगं त्याच्या बायकोच्या, बिजलीच्या मांडीवर त्याचं डोकं. आर्णी सोडली अन् दहा-बारा किलोमीटरवर इंजिनात ठक-ठक चालू झालं. म्हनलं, चाल बाई, आजचा दिवस चाल. ठकठक वाढली, अन् धाडकन जाम. रस्त्यावर उभा राहून हात करून राह्यलो. पाऊन घंटा, मिस्त्री. मंग एक ट्रकवाला थांबला. दवाखान्यात नेलं, त्यायनं नळ्या-बिळ्या लावल्या. सांजच्याले गेला."

ट्रॅक्टरवाला पलीकडं बघत होता.

"त्या इम्तियाजनं डुप्लिकेट बेरिंग देलं," खेमसिंग म्हणाला. "तुमी खोला. मी दहा दिवसानं येतो. मले ते बेरिंग पाह्यजे. त्याच्या दुकानापुढं आपटतो."

मिस्त्रीनं इंजिन खोललं. एरवी तो बडबडत खोलायचा, बोल्टांना शिव्या द्यायचा. या वेळी हुस्नाबीला घरात फक्त पान्यांचे आवाज येत होते. शेडच्या मागेच घर. दुपारी ती पाणी घेऊन गेली तेव्हा पार्ट पोत्यावर ओळीनं मांडलेले होते आणि मिस्त्री तिसऱ्या नंबरच्या पिनसमोर उकिडवा बसला होता. तिथलं बेरिंग वितळून, चिकटून, काळं झालं होतं. बाकीची तीन जशीच्या तशी होती, चकाकती.

"माल खराब होता का?" हुस्नाबीनं विचारलं.

"एकाच खोक्यातले हायेत चारही."

"मंग?"

"ते मायक्रोमीटर आन."

हुस्नाबी जागची हलली नाही. "कोन्तं?"

"आपलं. पेटीतलं."

ते मोजायचं यंत्र तिच्या लोखंडी पेटीत, लग्नातल्या चांदीच्या पैंजणांशेजारी, मखमलीच्या डबीत होतं. सात वर्षांपूर्वी ठेवायला दिलं तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, माह्या कामाले माह्या अंगठा हाये, दुसऱ्याचं दुकानातल्या यंत्रावर मोजीन. ती डबी घेऊन आली. मिस्त्रीनं चष्मा लावला. शाफ्टचा रंग जळून निळा पडला होता, तरी त्यानं तिसरी पिन उभी मोजली, आडवी मोजली. पण ही तर आता बिघडलेली, हिच्यावरून काय कळणार? म्हणून शेजारची दुसरी मोजली, जी जळाली नव्हती. उभं माप एक, आडवं वेगळंच. पुन्हा मोजली. तेच. गोल नव्हती ती. थोडी अंड्यासारखी झाली होती. चार वर्षं कोणाकोणाच्या हाताखाली धावून शाफ्ट झिजला होता. त्याला तासून तिसावर आणायचं आणि तिसाचं बेरिंग निवडायचं, एवढंच करायचं होतं. अंगठ्याला तो फरक कळत नाही. कोणाच्याच अंगठ्याला कळत नाही, हे त्यानं स्वतः कितीदा दुसऱ्या मिस्त्र्यांना ऐकवलं होतं.

"दुसऱ्या कोनाचा शाफ्ट असता तं मोजला असता मी," तो म्हणाला. "माह्या होता म्हनून नाई मोजला."

हुस्नाबी खाली बसली. बराच वेळ तिनं पदराची कड बोटाला गुंडाळली आणि सोडली. मग हळू आवाजात म्हणाली, "थो खेमसिंग इम्तियाजले धरून राह्यला."

"हो."

"पोरगा बिचारा. त्याच्या बापानं तुमच्या भरोशावर दुकान चालवलं."

"हो ना."

"हो-हो का करून राह्यले? बोलसान का नाई?"

मिस्त्री पार्ट पुसत राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला, पण घास चावून चावून. शेडवर कोणी आलं की म्हणायचा, काम बंद हाये. का बंद, ते सांगायचा नाही. हुस्नाबीनं एकदा ऐकलं, तो एकटाच इंजिनाशी बोलत होता. "माल खराब निघाला, खेमसिंगभाऊ. कंपनीचाच खराब निघाला, इम्तियाजचा बी दोष नाई." मग थोडं थांबून, वेगळ्या आवाजात, "उष्णतेनं जातं कधी कधी. तुमी गाडी दामटली असंन." तो वाक्यं लावून बघत होता. मोजायचं यंत्र मात्र परत पेटीत आलं नाही.

दहाव्या दिवशी खेमसिंग आला. भाड्याची जीप, तिच्यात तांड्यावरची चार माणसं आणि मागच्या सीटवर धावजीची बायको बिजलीबाई. बायांना कोणी अशा भांडणाला आणत नाही. ती स्वतःच येऊन बसली होती.

"काढा ते बेरिंग, मिस्त्री. अन् चाला संगं. तुमी सांगा चारचौघात, माल डुप्लिकेट होता. तुमच्या शब्दापुढं थो काय बोलनार?"

मिस्त्रीनं बेरिंग काढलं नाही. तो शाफ्ट उचलून आणू लागला. जड होता, मध्ये एकदा टेकवावा लागला. खेमसिंग मदतीला सरसावला तशी मान हलवून नको म्हणाला आणि शाफ्ट जीपच्या बॉनेटवर ठेवला.

"माल चांगला होता," तो म्हणाला. "चुकी माह्यी हाये."

चौघांपैकी एक हसला. त्याला वाटलं मिस्त्री पोराला वाचवून राह्यला.

"हसू नका. हा शाफ्ट झिजला होता. विसाचं बेरिंग याले चालत नोतं. तासून तिसाचं टाकाले पाह्यजे होतं. म्या माहे ठिपके पाह्यले अन् मोजलं नाई. इम्तियाज मोज म्हने. मोजलं नाई."

खेमसिंगच्या तोंडाचा रंग उतरला. तो मिस्त्रीकडं बघत नव्हता, शाफ्टकडं बघत होता. त्याला दुकान आठवत असावं, कारण एकाएकी त्यानं दोन्ही हात त्या उतरवलेल्या डोक्यावर ठेवले.

"इम्तियाज म्हनत होता," तो म्हणाला. "म्याच त्याले गप केलं. म्याच म्हनलो, मिस्त्रीले का शिकवते."

"तुले का माहीत राहीन, भाऊ? इंजिन माह्यं काम हाये."

"बोलू नका!" खेमसिंग एवढ्या जोरात ओरडला की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. "आता एक शब्द बोलू नका तुमी!"

चौघं खाली उतरले. एकानं मिस्त्रीची कॉलर धरली. मिस्त्रीनं हात खालीच ठेवले. हुस्नाबी दारातून धावत आली. तेवढ्यात मागच्या सीटवरून बिजलीबाई म्हणाली, "सोडा त्यायले."

ती उतरली. काचा जडवलेली, घोळदार ओढणी तिनं पुढं ओढून घेतलेली. मिस्त्रीसमोर येऊन उभी राहिली.

"मिस्त्रीभाऊ, गाडी बंद पडली नसती, तं ते वाचले असते?"

हो म्हणणं सोपं होतं, नाही म्हणणंही.

"मले माहीत नाई, बाई. डॉक्टरले बी माहीत नसंन."

"हं," ती म्हणाली. जणू तिला एवढंच हवं होतं, की कोणीतरी माहीत नाही असं म्हणावं. मग शाफ्टवरच्या दोन ठिपक्यांना तिनं बोट लावलं. "असे अजून कोनाच्या गाडीत हायेत का? न मोजता टाकलेले?"

गेले दहा दिवस मिस्त्री फक्त खेमसिंगला काय सांगायचं याचा विचार करत होता. हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. तो शेडच्या छपराकडं बघत राहिला. ओठ हलत होते.

"तीन," तो शेवटी म्हणाला. "भंगारातून आनलेले, माहेच. तीन गाड्या."

"त्या चालून राह्यल्या?"

"हो."

"मानसं बसवून?"

"हो, बाई."

"मंग इथं काहून बसले तुमी?"

इंजिन खेमसिंगनं नेलं, उमरखेडच्या मिस्त्रीकडं. पोती भरायला जलाल मिस्त्रीनंच मदत केली. बोल्टांची पुरचुंडी वेगळी बांधली आणि भाड्याच्या ड्रायव्हरला दोनदा सांगितलं, "शाफ्ट नवा टाका म्हना. हा आता तासूनबी कामाचा नाई." खेमसिंग पुढं बसून राहिला. त्यानं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डबी खिशात आणि पाने पिशवीत घेऊन जलाल मिस्त्री महागावच्या स्टँडबाहेर उभा होता. त्या तीन गाड्यांतली पहिली, बबनरावांची जीप, उमरखेडला निघायच्या बेतात होती. आत बारा माणसं, मागं लटकलेली तीन. चाकं हलली तसा मिस्त्री पुढं जाऊन आडवा झाला.

"अरे मिस्त्री! मराचं हाये का?" बबनराव ओरडले.

"गाडी बंद करा. सगळ्यायले उतरवा."

"काहून?"

"इंजिन खोलाचं हाये."

आतून एका म्हातारीचा आवाज आला, "आत्ताच दात पाडाले निघाली मी उमरखेडले, अन् हा इंजिन पाडाले आला!"

"विमलताई, तुमी दुसऱ्या गाडीनं जा. दात तिथंच राह्यते."

"बबन, चालव रे! ह्याचं डोस्कं फिरलं!"

"बबनराव, तुमचा शाफ्ट म्या मोजला नोता," मिस्त्री म्हणाला. आवाज मोठा होता, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा. "असाच एक न मोजता टाकला. गाडी वाटेत बंद पडली. आत बिमार मानूस होता, थो गेला."

मागं लटकलेले तिघं आधी उतरले. मग बाकीची माणसं, बोचकी सांभाळत, मिस्त्रीकडं बघत बघत. विमलताई सगळ्यात शेवटी, आणि तिनं जाता जाता गुटख्याची पिंक अशी टाकली की मिस्त्रीच्या पायापासून वीतभर अंतरावर पडली.

स्टँडमागच्या कडुनिंबाखाली जीप लावली. मिस्त्री खाली आडवा झाला. ऑइल चेंबर उतरवला, बेरिंगांवरची एकेक कॅप काढली. तेल हनुवटीवर गळत होतं. पहिली पिन उभी, आडवी. दुसरी. बबनराव बाजूला उकिडवे बसले होते आणि दर पाच मिनिटांनी "अन्?" म्हणत होते. तिसरी. चौथी. मग मिस्त्रीनं पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो बाहेर सरकला.

"गोल हायेत. चारही."

"म्हंजे?"

"म्हंजे बरोबर हाये. काई नाई झालं."

बबनराव उठले. रागानं त्यांना शब्द सापडत नव्हते. "म्हंजे काईच नोतं? स्टँडवर माही इज्जत काढली, सवाऱ्या दुसऱ्याच्या गाडीत गेल्या, उद्या कोनी माह्या गाडीत बसनार नाई, अन् काईच नोतं? मंग खोलाले काहून लावलं?"

"पाह्यलं नोतं म्हनून."

"आता थो शब्द ठेव तुह्यापाशीच! लोकायले कोन सांगीन गाडी बरोबर हाये?"

"मी सांगतो. जोडून झाली की स्टँडवर उभा राहून सांगतो."

"तुह्यं कोन आयकन आता?"

मिस्त्रीनं चिंधीनं यंत्राची टोकं पुसली, डबीत ठेवलं आणि पुन्हा खाली शिरून कॅप बसवायला घेतल्या. पाना लावला, जोर दिला. आतूनच त्यानं विचारलं, "अजून दोन राह्यल्या. त्यातली पुसदची गाडी कितीले हाये, बबनराव?"

बबनराव पुन्हा उकिडवे बसले. मग बबनरावांचा आवाज आला, "दोनची हाये. पन ते आज लवकर काढते. हात चालव जरा."